पाणी आधी, मासे नंतर

कुर्ल्यातल्या किंवा क्रॉफर्ड मार्केटमधल्या शोभेच्या माशांच्या दुकानात 'शार्क' मागितला, की दुकानदार बोटभर लांबीचा, चंदेरी पोटाचा, सतत काचेवर धडकत फिरणारा एक मासा पिशवीत भरून देतो. नाव भारदस्त असलं तरी शार्कशी त्याचं काही नातं नाही. तो आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला पंगासियस गटातला कॅटफिश. पूर्ण वाढला की लांबी १३० सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ४४ किलोपर्यंत जातं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांनी तो खाल्लेलाही असतो. मत्स्यशेतीतला 'पंगास' तो हाच, आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर 'बासा' म्हणून येतो तोही बहुतेक वेळा हाच. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत तो इतका बिथरलेला का असतो, याचं उत्तर इथेच मिळतं.

असे दोन 'शार्क', दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, एक फायटर आणि 'काच साफ ठेवायला' एक सकर. पहिल्यावहिल्या टाकीसोबत घरी येणारं हे नेहमीचं बिऱ्हाड. "हे सगळे एकत्र चालतील ना?" असं गिऱ्हाईक विचारतं आणि उत्तर येतं, "चालतील की, काही होत नाही." दुकानदार खोटं बोलतो असं नाही. त्याच्याकडे मासा चार दिवस राहतो. तो अजून पिल्लूच असतो, आणि दुकानातल्या गर्दीत कोणालाच स्वतःची हद्द आखायला जागा नसते. घरी मात्र त्याच माशाला काही वर्षं काढायची असतात.

शौकिनांच्या पुस्तकांत आणि काही दुकानांच्या भिंतींवर यासाठी एक तक्ता असतो. आडव्या-उभ्या रांगांत माशांची नावं आणि चौकटीत हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. हिरवा म्हणजे खुशाल ठेवा, लाल म्हणजे नको. तक्ता अगदीच टाकाऊ नाही, पण तो एवढंच सांगतो की कोण कोणाला मारेल. दोन मासे एकमेकांकडे ढुंकूनही बघत नसतील आणि तरीही एकत्र राहण्यालायक नसतील, ही शक्यता त्याच्या चौकटीत बसत नाही. गोल्डफिश आणि निऑन टेट्रा यांचं भांडण कधीच होत नाही. तरी त्यांना एका टाकीत ठेवणं चूकच आहे. माशांची निवड करताना पहिला प्रश्न स्वभावाचा नसून पाण्याचा असतो. त्यातही 'माशाला कसं पाणी हवं' याच्या आधी विचारायला हवं, 'आपल्या नळाला कसं पाणी येतं?'

महाराष्ट्रात या प्रश्नाची उत्तरं गावागणिक बदलतात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांत साठलेलं पावसाचं पाणी मिळतं. त्यात क्षार कमी, म्हणजे ते मृदू. मराठवाड्यात किंवा विदर्भात बोअरवेलवर चालणाऱ्या घरात काळ्या पाषाणातून झिरपलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मुरलेलं जड पाणी येतं. आपलं पाणी कुठल्या जातीचं हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. गीझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळावर पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड. नेमका आकडा हवा असेल तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र आणि सामू (पीएच) तपासायच्या पट्ट्या सहज मिळतात. सामू म्हणजे काय हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही, मातीच्या तपासणीच्या अहवालात तो असतोच.

आता दोन लोकप्रिय मासे शेजारी ठेवून बघू. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला. पेरूच्या जंगलातून तो १९३०च्या दशकात बाहेरच्या जगात पोहोचला आणि १९३६ साली जॉर्ज मायर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. पाचोळा कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या, जवळजवळ क्षार नसलेल्या, आम्लधर्मी ओढ्यांतला हा मासा. दुसरा गप्पी. त्याची ओळख महाराष्ट्रात गावोगावी आहे, कारण डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं विहिरी, हौद आणि डबक्यांत 'गप्पी मासे' सोडत आलं आहे. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा हा मासा जड, किंचित अल्कधर्मी पाण्यात मजेत राहतो. त्याच्या नात्यातल्या मॉलीला तर मचूळ पाणीही चालतं. निऑन आणि गप्पी दोघेही शांत, दोघेही चिमुकले, तक्त्यात दोघांच्या चौकटीला ठसठशीत हिरवा रंग. पण बोअरच्या पाण्यात गप्पीची पिल्लावळ वाढत असताना निऑन एकेक करून फिकट पडत जातात, आणि अगदी मृदू पाण्यात मॉली पर मिटून जागच्या जागी डुलत राहते.

मत्स्यशेतीत पिढ्यानपिढ्या वाढवलेले निऑन रानातल्या भावंडांपेक्षा बरेच सोशिक असतात हे खरं. मधल्या दर्जाच्या पाण्यात दोघांचं जमूनही जातं. पण पाण्याचं टोक गाठलेलं असेल, तर तिथे माशाला रुळवायचा हट्ट धरू नये. आरओचं पाणी मिसळून, औषधाच्या बाटल्या ओतून पाण्याचा स्वभाव बदलता येतो. मात्र तो दर आठवड्याला, दर वेळी पाणी बदलताना, तितकाच बदलावा लागतो. त्यात एकदा चूक झाली की सामू एका रात्रीत खाली-वर होतो, आणि माशाला थोडं गैरसोयीचं पाणी जितकं सोसतं तितका हा झोका सोसत नाही. आपल्या नळाला साजेसा मासा निवडणं स्वस्त पडतं. नगरपालिकेच्या पाण्यातल्या क्लोरिनचा बंदोबस्त मात्र कुठलाही मासा असो, करावाच लागतो. दुकानात 'अँटिक्लोरिन' म्हणून मिळणारे थेंब किंवा खडे म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं.

पाण्याच्या पाठोपाठ तापमान. गोल्डफिशला चिनी लोकांनी कार्पच्या जातीच्या माशापासून हजारएक वर्षांपूर्वी माणसाळवलं. तो थंड पाण्यातला, साधारण १८ ते २२ अंशांवर खुलणारा. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात. दोघांना पंचवीसवर ठेवून सुवर्णमध्य साधता येईल असं वाटतं खरं, पण त्या तडजोडीत एकाला सतत उकडतं आणि दुसऱ्याला सतत थंडी वाजते, आणि आजार दोघांनाही धरतात. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. नेमक्या त्याच वेळी माशाचं शरीर जास्त वेगाने चालू लागतं आणि त्याला प्राणवायू जास्त हवा असतो. नागपूरच्या मे महिन्यात गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेऊ लागतात ते यामुळे. तिथे एअर पंप चोवीस तास चालू ठेवावा लागतो. उलट पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बंद खोलीतल्या टाकीचंही पाणी विशीपर्यंत उतरतं. तिथे टेट्रा आणि एंजलला हीटर लागतो, पण झेब्रा मासा आणि रोझी बार्ब हीटरवाचून हिवाळा काढतात. दोघेही उत्तर भारतातल्या नद्यांचे रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात दोघांची नोंद आहे. त्यांना थंडीची सवय जन्माचीच.

मग येतो जागेचा हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर ५४-५५ लिटर पाणी बसतं. रेती, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की हातात राहतात पंचेचाळीस. 'चार लिटरमागे एक इंच मासा' असा एक जुना ठोकताळा आहे. लहान माशांपुरता तो चालून जातो, मोठ्या माशाला लावला की फसतो, कारण मासा फक्त लांबीने वाढत नाही, उंचीने आणि जाडीनेही वाढतो. एक इंची मासा त्याच ठेवणीत दहा इंचांचा झाला तर त्याचं वजन दहापट होत नाही, हजारपट होतं. म्हणजे एक इंचाचे दहा टेट्रा आणि दहा इंचांचा एक ऑस्कर ठोकताळ्याच्या लेखी सारखे असले, तरी ऑस्करचं खाणं आणि घाण यांची त्या दहा टेट्रांशी तुलनाच होऊ शकत नाही.

ही घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून तो सतत पाण्यात उतरत असतो, आणि उरलेलं अन्न कुजूनही तयार होतो. फिल्टरच्या स्पंजावर आणि रेतीत वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. 'नवी टाकी, पहिल्याच आठवड्यात सगळे मासे गेले' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या टायगर बार्बवर जातो. सामू आणि तापमान वाढलं की अमोनिया अधिक विषारी होतो, तेव्हा बोअरच्या गरम पाण्यात गर्दी करणं दुहेरी धोक्याचं.

जीव एकमेकांना पूरक कसे निवडावेत याचा एक जुना आणि सुंदर दाखला लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा आहे. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देत होती, तरी तिची जुनी पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं. मग त्यांनी त्यात गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं. १८५० साली त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासात या तीन जीवांच्या मेळाला मोठा मान आहे. कोणाचं कोणाशी भांडण नाही एवढ्यावर वॉरिंग्टन थांबले नाहीत, कोणाचं कोणावाचून अडतं हे त्यांनी शोधलं.

पाणी, तापमान आणि जागा या तीन चाळण्यांतून उरलेल्या माशांची मगच स्वभावाची परीक्षा घ्यावी. तिथला पहिला नियम फारच ढोबळ आहे. जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या पोटात जातो. एंजल आणि निऑन ही जोडी जगभरच्या टाक्यांत दिसते आणि जगभर फसते. रुपयाएवढा एंजल आणि इंचभर निऑन सहा महिने गुण्यागोविंदाने फिरतात. मग एंजल हाताच्या पंजाएवढा होतो आणि दर चार दिवसांनी एक निऑन हिशेबात कमी भरतो. एंजलने स्वभाव बदललेला नसतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात निऑनएवढे मासे त्याच्या खाण्यातलेच. एंजलसोबत टेट्राच हवे असतील तर निऑनसारखे सडपातळ नकोत, आडव्या अंगाचे, उंच पाठीचे निवडावेत.

दुसरा नियम अंगावरच्या दागिन्यांचा. फायटर, गप्पी, एंजल, दुहेरी शेपटीचे गोल्डफिश यांचे लांब, झुळझुळीत पर माणसाला सुंदर वाटतात. टायगर बार्बला ते कुरतडायला बोलावतात. थायलंडचा फायटर मुळात उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यातला, भातखाचरांतला मासा. नराला दुसरा नर दिसला की तो कल्ले फुगवून चाल करून जातो. एवढं वगळलं तर तो तसा मवाळ असतो. जड शेपटी ओढत हळू पोहतो आणि वेगवान शेजाऱ्यांपुढे त्याच्या वाट्याला खाणंही येत नाही. 'फायटर' या नावामुळे लोक इतरांना त्याच्यापासून वाचवायला जातात. बहुतेक वेळा वाचवावं लागतं ते त्यालाच. केरळच्या नद्यांमधला जेमतेम इंचभर लांबीचा पफर याच्या अगदी उलट. वाटाण्याएवढा, गोल डोळ्यांचा, पाहताक्षणी मोह पाडणारा. पण गोगलगाईंचे शंख फोडायला बनलेल्या त्याच्या दातांना इतरांच्या परांचेही तुकडे सहज पडतात. त्याला त्याच्याच जातीत, स्वतंत्र टाकीत ठेवणं बरं.

टायगर बार्ब मात्र जितका बदनाम आहे तितका वाईट नाही. त्याच्या बदनामीला बाजाराची एक रीत कारणीभूत आहे. आपल्याकडे शोभेचे मासे जोडीने विकले जातात. भाव जोडीचा, पिशवीत जोडी. त्यामुळे घरच्या टाकीत निऑनची जोडी, बार्बची जोडी, कोरिडोरसची जोडी, अशी प्रत्येकाची दोन-दोन नगांची भरती होते. घोळक्याने राहणाऱ्या माशासाठी जोडी हा सगळ्यात वाईट आकडा म्हणावा लागेल. बार्बच्या घोळक्यात मानपानाची उतरंड असते, तिच्यासाठी सतत एकमेकांना हुसकावणं चालू असतं आणि दहा जणांत ते वाटलं जातं. दोघांतच असलं की दुबळ्याचा पिच्छा सुटत नाही, आणि घोळका नसला की मग शेजाऱ्यांच्या शेपट्या आहेतच. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० साली निऑन टेट्रा, टायगर बार्ब, एंजल आणि व्हाइट क्लाउड या चार जातींना वेगवेगळ्या संख्येच्या गटांत ठेवून त्यांच्या वागण्याच्या नोंदी केल्या. एकेकट्याने किंवा दोघांत ठेवलेल्यांपेक्षा दहाच्या गटातलं वागणं एकंदरीत अधिक स्वस्थ निघालं, घोळक्याने पोहणं वाढलं आणि मारकेपणा घटला. पाच जातींच्या पाच जोड्यांपेक्षा एकाच जातीचे दहा मासे घ्यावेत, या सल्ल्याला त्यामुळे चांगला आधार आहे. एकरंगी टाकी कंटाळवाणी दिसेल ही भीतीही फुकाची. दहा निऑन एकदम वळतात तेव्हा दिसणारी ती निळी-लाल रेघ दोघांकडून काही उमटत नाही.

पाण्याच्या थरांचंही भान हवं. झेब्रा, गुरामी वरच्या थरात, टेट्रा आणि बार्ब मधल्या, कोरिडोरस आणि लोच तळाशी. तिन्ही थर वाटून दिले तर तीच टाकी मोठी भासते आणि कुरबुरीही कमी होतात. गुरामी आणि फायटर यांना कल्ल्यांखेरीज हवेतला प्राणवायू घेणारा वेगळा अवयव असतो, म्हणून ते सारखे वर येतात. टाकीवर झाकण असलं तरी पाणी आणि झाकण यांच्यात थोडी हवा सोडावी लागते ती त्यांच्यासाठी.

तळाच्या माशांवर मात्र फार अन्याय होतो. त्यांना 'सफाई कामगार' समजून आणलं जातं आणि वरच्यांचं उष्टं खाऊन ते जगतील असं गृहीत धरलं जातं. कोरिडोरस उष्ट्यावर जगत नाही. त्याला तळाशी बुडणाऱ्या गोळ्या लागतात, मिशांना न खुपणारी बारीक, गुळगुळीत वाळू लागते आणि सहा-सात भावंडं लागतात. सकरची गोष्ट आणखी बिकट. दुकानात तीन इंचांचा असलेला, अंगावर चिलखत मिरवणारा हा दक्षिण अमेरिकी मासा दीड फुटापर्यंत वाढतो. शेवाळ खातो तो मुख्यतः लहानपणी. मोठेपणी तो साफ करतो त्यापेक्षा घाण जास्त करतो आणि रात्री गोल्डफिशसारख्या सुस्त माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला जवळच्या तलावात 'मुक्त' करतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागापासून आंध्र आणि केरळपर्यंत या सकरने स्थानिक मच्छिमारांच्या जाळ्यांची आणि तलावांची दैना केली आहे. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार हा मगरतोंड्या मासा सापडला, तोही कोणाच्या तरी टाकीतून आलेला असावा असाच कयास होता. शेवाळच खायला हवं असेल तर ब्रिसलनोज हा सकरचा पाच इंचांवर थांबणारा चुलत भाऊ आहे. दुकानात तो मागून घ्यावा लागतो.

स्वभावाच्या तक्त्यात न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वीण. एरवी सौम्य असलेला एंजल जोडी जमवून पानावर अंडी घालतो, तेव्हा अर्धी टाकी स्वतःच्या नावावर करून घेतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कोंबतो. गप्पीचा प्रश्न याच्या उलट्या टोकाचा. मादी महिन्याला पिल्लं घालते आणि एकदा नराशी गाठ पडली की पुढच्या काही विणींची तरतूद तिच्या पोटात असते, म्हणून माद्या वेगळ्या केल्या तरी पिल्लं येतच राहतात. ज्यांना पिल्लं नको आहेत त्यांनी फक्त नर ठेवावेत. रंग त्यांच्याकडेच जास्त असतात. नर-मादी दोन्ही हवे असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या, म्हणजे एकाच मादीच्या मागे सगळे लागत नाहीत. प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकत्र ठेवले तर त्यांची संकरित पिल्लं होतात. कोणी हौसेने तसं करतात, कोणाला ते नंतर कळतं.

कोण कोणानंतर टाकीत येतं याचाही परिणाम होतो. आधी शांत, घोळक्याचे मासे आणि शेवटी हद्द राखणारे, म्हणजे मागून येणाऱ्याला पूर्ण टाकी आपलीच असल्याचा समज होत नाही. जुन्या दांडगोबाच्या टाकीत नवा मासा सोडायचा असेल तर त्या दिवशी दगड आणि झाडांची मांडामांड बदलावी. सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या जातात. नव्या माशाला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवलं तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्या टाकीत पसरत नाही. घरोघरी हा नियम मोडला जातो, कारण दुसरी टाकी ठेवायला जागा नसते. अशा वेळी निदान दुकानाच्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये आणि ज्या दुकानातल्या टाकीत एक जरी मेलेला मासा दिसला, तिथून त्या दिवशी काही घेऊ नये.

मुंबईतल्या एखाद्या घरात, पालिकेच्या मृदू पाण्यात, दोन फुटांची टाकी असेल तर दहा निऑन, तळाशी लहान जातीचे सहा कोरिडोरस आणि वर एक हनी गुरामी एवढ्यावर ती भरते. त्याच चणीचा, निळ्या-लाल पट्ट्यांचा ड्वार्फ गुरामी दिसायला जास्त देखणा. पण मोठ्या प्रमाणावर पैदास झालेल्या त्याच्या वाणात एक विषाणू पसरलेला आहे आणि त्यावर औषध नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मधाच्या रंगाचा हनी गुरामी त्याहून भरवशाचा.

छत्रपती संभाजीनगर किंवा लातुरात बोअरचं पाणी असेल तर टेट्रांचा नाद सोडून गप्पी नर, प्लॅटी आणि जरा मोठी टाकी असल्यास मॉली घ्याव्यात. जड पाणी ज्यांना मनापासून आवडतं असा दुसरा गट म्हणजे आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचे सिक्लिड. पिवळे, निळे, समुद्रातल्या माशांइतके झगझगीत. मात्र ते विलक्षण भांडखोर, त्यांना चार फुटांची दगडांनी भरलेली टाकी लागते आणि त्यांच्यात दुसऱ्या कोणालाही स्थान नसतं. शिवाय त्यातले 'म्बुना' म्हणून ओळखले जाणारे मासे खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांना इतर माशांसारखा प्रथिनांचा खुराक दिला तर त्यांचं पोट फुगतं.

पुण्यात तीन फुटांची, सव्वाशे-एकशेतीस लिटरांची टाकी असेल आणि हीटर लावायचा नसेल, तर पूर्ण भारतीय बिऱ्हाड जमवता येतं. वर दहा झेब्रा, मध्ये आठ रोझी बार्ब आणि तळाशी झेब्रा लोचचा पाच-सहांचा घोळका. रोझी बार्ब अधूनमधून शेपट्या चावतो, पण इथे लांब शेपटीवालं कोणीच नसल्यामुळे त्याची ती खोड निकामी ठरते. झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, अंगभर बारीक उभे पट्टे असलेला, आगंतुक गोगलगाई चोखून खाणारा मासा. तो महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांचा रहिवासी. जगात इतरत्र तो नैसर्गिक अवस्थेत सापडत नाही, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद 'धोक्यात' अशी आहे. घरच्या टाकीत त्याची वीण सहसा होत नाही, त्यामुळे बाजारातला लोच नदीतून पकडलेला असण्याची शक्यता मोठी. दुकानदाराला माल कुठून आला हे विचारावं, समाधानकारक उत्तर नसेल तर तळ रिकामा ठेवावा. याच पर्वतरांगेतल्या 'मिस केरळ' या लालकाळ्या पट्ट्याच्या बार्बची कथा थोडी वेगळी आहे. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याची नोंद केली आणि २०१३ साली त्याच्या प्रजातीला 'सह्याद्रिया' हे नवं नाव मिळालं. तोही धोक्यात असला तरी त्याची कृत्रिम पैदास जमली आहे आणि शेतीत वाढलेले मासे बाजारात मिळतात. मात्र तो पाच-सहा इंचांचा होतो, घोळक्याने आणि वेगाने पोहतो, त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं, गार पाणी लागतं. चार फुटांखालच्या टाकीसाठी तो नाही.